उन्हाळी सुट्टीनंतर नेतृत्व सल्लासत्रं पुन्हा सुरू

सदस्यहो, विदर्भातल्या शाळांप्रमाणे आपलीही सुट्टी जूनअखेर संपते. जूनच्या शेवटच्या सोमवारपासून वैयक्तिक सत्रं नागपूरच्या धरमपेठेत नेहमीच्या जागी, सकाळी ७.३० ते ८.३०. बुटीबोरी, हिंगण्याला कामावर जाणाऱ्यांना हीच वेळ सोयीची.

पहिल्या सत्राआधी ३६० अंश अभिप्राय, म्हणजे तुमच्या कामाबद्दल वरच्या, बरोबरीच्या आणि हाताखालच्या माणसांची मतं, गोळा व्हायला हवेत:

- वरिष्ठ १, सहकारी किमान ३, हाताखालचे किमान ३. दोघेच असले तर कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं, मग माणसं गुळमुळीत लिहितात.
- फक्त मर्जीतली नावं देऊ नका. ज्यांच्याशी खटके उडतात, त्यांचं म्हणणं सर्वांत उपयोगी पडतं.
- भरलेले फॉर्म थेट माझ्याकडे यावेत, तुमच्या हातून नकोत.

सत्र रद्द करायचं असेल तर २४ तास आधी कळवा.