अध्यासन द्याल तर माडासारखे द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या वाडीच्या देवळात नंदादीपाच्या तेलासाठी कुणीतरी फार पूर्वी चार माड देवाला लावून दिले. देणाऱ्याचे नाव आता कुणाला आठवत नाही. नियम मात्र पोरासोरांनाही पाठ आहे : नारळ उतरवायचे, माड तोडायचा नाही. एखादा माड वठला तर आधी त्या जागी रोप, मग तेलाचे बघू. विद्यापीठातले अध्यासन म्हणजे तरी दुसरे काय? मुद्दल कायम ठेवीत आणि व्याजावर प्राध्यापक.

हे आठवायला निमित्त कातळशिल्पांचे. आमच्या राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या अंगात मासे, पक्षी, जनावरे कोरलेली. भर दुपारी अशा चित्रावर उभे राहूनही ते कळत नाही. सकाळच्या तिरक्या उन्हात, किंवा पाऊस उघडल्यावर खाचांत पाणी साचलेले असताना बघावे, मग रेघ न् रेघ वर येते. आम्ही दिवाळीनंतर खराटे घेऊन आमचा सडा झाडतो, तेवढेच आमच्या हातात. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली आठ ठिकाणे आणि गोव्यातले एक नोंदले गेले. इथवर मजल आली ती बरीचशी स्थानिक अभ्यासकांच्या पायपिटीने. पण चित्रांचे वय, ती कोरणारी माणसे, सड्यावरचे पाणी आणि गवत, शेजारी सरकत येणारी चिरेखाण हे सगळे एकत्र बघणारा माणूस तीन वर्षांच्या प्रकल्पात पुरा पडत नाही. म्हणून मागणी अशी, की मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात कातळशिल्पे आणि सडे यांचे अध्यासन उभे करा.

पण घोषणा करण्याआधी हिशेब मांडा. सातव्या वेतन आयोगात प्राध्यापकाचे मूळ वेतन १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे धरून वर्षाला तीस लाखांच्या आसपास जाते. एक साहाय्यक, फिरती, छायाचित्रण यांना आणखी दहा लाख तरी हवेत. ठेवीवर सात टक्के मिळाले तर पाचच खर्चायचे, दोन मुद्दलात परत टाकायचे. नाहीतर महागाई मुद्दल पोखरते. म्हणजे चाळीस लाखांसाठी आठ कोटी. आणि एक कोटीचे अध्यासन जाहीर केलेत, तर सगळे व्याज खर्चूनही सात लाख. त्यात प्राध्यापकाचा तीन महिन्यांचाही पगार निघत नाही. मग काय होते ते मी एका विद्यापीठात पाहिले आहे. दारावर पितळी पाटी, दाराला कुलूप, आणि जयंतीला एक व्याख्यान, शाल-श्रीफळासकट.

आठ कोटी सरकारनेच घालावेत असे नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला आमचे मुंबईकर चाकरमानी हात आखडता घेत नाहीत. त्यांना नीट सांगितले तर इथेही देतील. त्यांनी जेवढे जमवले तेवढे सरकारने घालावे. देणगी स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेला आहेच. खरी मेख दानपत्रात असते. विषय कोणता, मुद्दलाला हात लावायचा नाही, जागा रिकामी राहिली तर व्याज कुठे जाईल, निवड कोण करेल, हे त्यात लिहिलेले हवे. निवडीत देणगीदार नको आणि (राग मानू नका) मंत्रीही नको.

ऑक्सफर्डचे संस्कृतचे बोडेन अध्यासन मुंबईच्या कंपनी सरकारच्या फौजेतल्या एका लेफ्टनंट कर्नलच्या पैशावर उभे आहे. १८३२ पासून आजतागायत चालू. पण देणाऱ्याने हेतू लिहून ठेवला होता तो इथल्या लोकांच्या धर्मांतराला मदत करण्याचा, आणि १८६० साली जागा भरली ती पदवीधरांच्या मतदानाने. मॅक्सम्युलर पडले, मुंबईत जन्मलेले मोनिअर विल्यम्स ८३३ विरुद्ध ६१० मतांनी निवडून आले. प्रचारही झाला, ग्रामपंचायतीला लाजवील असा. पुढे तो हेतू नियमांतून काढावा लागला. पैसा टिकला, अटी मात्र बदलाव्या लागल्या. आपण त्या आधीच शहाणपणाने लिहू.

शेवटचे एक. हा प्राध्यापक मंजूर पदांच्या यादीत ढकलू नका. रिक्त पदांवर तासिका तत्त्वावरची माणसे चालवून घेण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि व्याजाचा पैसा उद्या त्याच खड्ड्यात जाईल.

सडा बघायला यायचे असेल तर दिवाळीनंतर या, तोवर गवत वाळते. सकाळी आठच्या आत पोचा. वर सावलीला एक झाड नाही, टोपी आणा.

आपला,
सड्याखालच्या वाडीतला एक निवृत्त शिक्षक
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी