जोते त्यांचे उंच, पाणी आमच्या घरात

मा. संपादक,
स. न.

सोलापुरातल्या तलाव आणि ओढ्यांच्या काठावरील बांधकामांविषयीची कालच्या अंकातली बातमी वाचली. ‘सर्व परवानग्या नियमानुसारच’ हे परवानगी देणाऱ्या साहेबांचे वाक्य तुम्ही चौकटीत छापले आहे. माझी त्याला हरकत नाही. नियमानुसारच दिल्या असणार. माझी तक्रार त्याच नियमाबद्दल आहे.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या पूररेषेच्या आत बांधायचे नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र अटींवर चालते, जोते लाल रेषेच्या वर 0.45 मीटर घ्यायचे. म्हणजे दीड फूट. इमारत कोरडी राहिली की अट पूर्ण! पण बाजूचा रस्ता, ड्रेनेजचे चेंबर, विजेची डीपी यांना कोण दीड फूट उचलणार? भरावाने हटलेले पाणी त्यांच्याच अंगावर येते. फाइलमध्ये नकाशा असतो तो फक्त त्या प्लॉटचा. प्लॉटच्या कुंपणाबाहेर जणू सोलापूर संपते.

आमच्या गल्लीच्या टोकाला सखल रान होते. पावसाळ्यात वरच्या वस्त्यांचे पाणी तिथे थांबायचे आणि चार दिवसांत सावकाश ओढ्याला लागायचे. तिथे रात्री-रात्री हायवा डंपर येऊन मुरूम ओतून गेले. मग कंपाउंड भिंत उठली, मग ‘लेक व्ह्यू’चा फलक लागला. पुढच्या पावसाळ्यात एका साध्या सरीने आमच्या चेंबरचे झाकण उचलले गेले आणि मैलापाणी थेट स्वयंपाकघरात आले. बायकोने ज्वारीची पोती माळ्यावर टाकली म्हणून भाकरी तरी मिळाली. गल्लीतला काँक्रीट रस्ता नुकताच झाला होता, तो ड्रेनेज लाइन बदलण्यासाठी फोडला. त्याचा खर्च बिल्डरने दिला असे कुणी समजू नये. तो तुमच्या-आमच्या घरपट्टीतून गेला.

फोटो घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी शांतपणे फोटो पाहिले आणि म्हणाले, “काका, तुमचं जोतंच खाली आहे की ओ. उंच करून घ्या.” वडिलांनी गिरणीच्या पगारातून दगडी बांधकामात घातलेले जोते आता मी जॅक लावून उचलायचे! भराव कुणाच्या परवानगीने पडला, हा प्रश्न विचारला तर ते टेबल दुसरे निघाले. दुसऱ्या टेबलावरचे साहेब साइटवर होते. अजून साइटवरच असावेत.

यावर कुणीतरी सप्टेंबर 2025 च्या सीना नदीच्या पुराचे नाव पुढे करणार, हे ठाऊक आहे. तो पूर मोठाच होता, विजापूर रस्ता आणि पुणे रस्ता दोन्ही अडले. पण सीनेला पाणी वरच्या धरणांच्या विसर्गाने आले होते. आमच्या घरात पाणी येते ते तासाभराच्या पावसाने, आणि सीना तर आमच्यापासून कोसो दूर आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नयेत. शहराजवळचा हिप्परग्याचा तलाव 1871 मध्ये बांधून झाला तेव्हा जादा पाण्याला सांडवा ठेवला होता. सांडव्याखाली आदिला नदीचे पात्र शहराकडे येते, हे आजही भिंतीवर उभे राहिले तर दिसते. परवानगी देणाऱ्यांनी एकदा पायी तिथून खाली चालत यावे, हवे तर चहा मी देतो.

मागणी छोटी आहे. काठावरच्या प्रत्येक परवानगीच्या फाइलमध्ये भराव घातल्यावर पाणी कुठे जाणार, खालची ड्रेनेज लाइन ते पेलेल का, हे अभियंत्याच्या सहीने लिहिलेले असावे. लाइन मोठी करावी लागली तर पैसे परवानगी घेणाऱ्याकडून आधीच भरून घ्यावेत.

बाकी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्याबद्दल यापूर्वी पाठवलेले पत्र तुम्ही छापले नाही.

आपला नियमित वाचक,
सोलापूर

ता. क. : कालच्याच अंकात पहिल्या पानावर त्याच ‘लेक व्ह्यू’ची पानभर जाहिरात होती. बातमी पान पाचवर.