काकूंच्या डिगॉक्सिनच्या गोळीविषयी दत्ताला पत्र

सातारा,
दि. १४ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
स. न. वि. वि.

तुझे पत्र काल मिळाले. हृदयाच्या डॉक्टरांनी तुझ्या आईला, आमच्या काकूंना, डिगॉक्सिन लिहून दिले, पण ‘हे तर बिट्टीतले विष’ असे शेजाऱ्यांनी सांगितल्यापासून तू ती पट्टी कपाटात ठेवून दिली आहेस, हे वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी अशी परस्पर थांबवू नकोस. मात्र शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते तुला नीट कळले तर काकूंची काळजी तू अधिक चांगली घेशील.

शाळेच्या कुंपणाजवळच्या पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण खिशात भरून आणत असू. त्या बियांमधले थेवेटिन, तांबड्या कण्हेरीतले ओलिअँड्रिन आणि काकूंच्या गोळीतले डिगॉक्सिन ही एकाच कुळातली द्रव्ये आहेत. स्टेरॉइडचा चार कड्यांचा सांगाडा, त्याच्या एका टोकाला लॅक्टोनचे कडे आणि दुसऱ्या टोकाला साखरेच्या रेणूंची साखळी, अशी त्यांची घडण असते. दम्याला किंवा सांधेदुखीला देतात त्या स्टेरॉइडांशी त्यांचे साम्य केवळ या सांगाड्यापुरतेच आहे. हे कुळ किती जवळचे आहे ते श्रीलंकेत दिसले. बिट्टीच्या बियांनी विषबाधा झालेल्यांना तिथे डिगॉक्सिनविरुद्ध मेंढ्यांमध्ये तयार केलेली प्रतिपिंडे देण्यात आली आणि त्यांच्या हृदयाची बिघडलेली लय पूर्ववत झाली. ती चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली.

आता ही गोळी हृदयात नेमके काय करते ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियमचा पंप असतो. तो एका फेरीत सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्याला १९९७ चे नोबेल मिळाले. डिगॉक्सिन बाहेरच्या बाजूने या पंपाला चिकटते आणि काही पंप बंद पाडते. मग पेशीत सोडियम थोडे साचते. पेशीतले कॅल्शियम बाहेर काढणारी दुसरी यंत्रणा आत येणाऱ्या सोडियमच्या जोरावर चालत असल्यामुळे ती मंदावते, आणि जास्तीचे कॅल्शियम पेशीतल्या कोठारात साठून राहते. पुढच्या ठोक्याला कोठार उघडले की अधिक कॅल्शियम सुटते आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. एक पंप किंचित अडवून थकलेल्या हृदयाला बळ द्यावे, ही योजना इतकी वर्षे शिकवूनही मला दर वेळी थक्क करते.

काकूंसाठी मात्र याचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. त्यांचे अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरते आणि तिथून विजेचे अनियमित संदेश निलयाकडे, म्हणजे खालच्या कप्प्याकडे, धावतात. डिगॉक्सिन हृदयाला मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढवते. त्यामुळे वाटेतल्या गाठीतून थोडेच संदेश पुढे जातात, ठोके कमी होतात आणि निलयाला भरायला वेळ मिळतो.

हे सगळे कळण्याच्या कितीतरी आधी, १७७५ मध्ये, विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याकडे श्रॉपशर परगण्यातल्या एका बाईच्या सूज उतरवणाऱ्या काढ्याची कृती आली. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण त्यांतल्या डिजिटालिसचाच, हे त्याने ओळखले; काकूंच्या गोळीतले डिगॉक्सिन याच वंशातल्या वनस्पतीतून मिळते. दहा वर्षांच्या नोंदींनंतर, १७८५ मध्ये, त्याने पुस्तक लिहिले आणि फसलेले उपचारही त्यात घातले. लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसताच औषध थांबवा, असे त्याने बजावले आहे. माझ्या मते त्याचा खरा मोठेपणा या सूचनेत आहे.

औषधाची मर्यादाही तुला ठाऊक असावी. १९९७ मध्ये हृदय दुर्बल झालेल्या ६,८०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. मृत्यू कमी झाले नाहीत, पण इस्पितळात दाखल होण्याची वेळ कमी वेळा आली. २०२० मध्ये बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे विदरिंगच्याच गावी, अलिंदाच्या याच विकाराच्या साठीपुढच्या १६० रुग्णांवर चाचणी झाली. तीत डिगॉक्सिन घेणाऱ्यांचे दैनंदिन आयुष्य बिसोप्रोलॉल हे ठोके मंदावणारे दुसरे औषध घेणाऱ्यांइतकेच सुधारले आणि त्यांना औषधाचा त्रास कमी झाला.

आता माझ्या आत्याची हकिगत. तीही डिगॉक्सिन घेत असे. खोकल्यासाठी तिला क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले गेले. चार दिवसांनी तिची अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या आणि सर्वांनी त्या पित्ताच्या ठरवल्या. ‘दिव्याभोवती पिवळे कडे दिसते’ असे ती म्हणाली, तेव्हा मला मोतीबिंदूच वाटला. औषधशास्त्र शिकवणारा मी, नाडी मोजली ती त्रास सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी. ती ४२ भरली. ते प्रतिजैविक डिगॉक्सिनला शरीराबाहेर जाऊ देत नाही. गोळी थांबवून तिला इस्पितळात ठेवले आणि ती बरी झाली, पण ते गमावलेले चार दिवस मला अजून टोचतात.

म्हणून दत्ता, काकूंचे क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि पोटॅशियम या आठवड्यातच तपासून घे. डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर जाते. मूत्रपिंडे चांगली असली तरी निम्मे बाहेर पडायला दीड ते दोन दिवस लागतात, आणि काकूंच्या वयात त्याहून जास्त. डॉक्टरांनी आठवड्यातून पाचच दिवस गोळी लिहिली आहे, ती एकूण मात्रा बेताची राहावी म्हणून. सूज उतरवण्याच्या लघवीच्या गोळीने पोटॅशियम कमी होते, आणि ते कमी झाले की डिगॉक्सिन त्या पंपाला अधिक घट्ट धरते; मग नेहमीची मात्राही जड जाऊ शकते. रक्तातले प्रमाण पाहायचे ठरले, तर गोळीनंतर निदान ६ तासांनी रक्त द्यावे. नवे कुठलेही औषध सुरू करण्यापूर्वी ‘आई डिगॉक्सिन घेते’ हे सांगायला विसरू नकोस.

रोज सकाळी गोळीआधी काकूंची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहून ठेव. ती ६० च्या खाली आली, मळमळ सुरू झाली किंवा दृष्टीत फरक पडला, तर त्या दिवशीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन कर. पट्टी घेऊन उद्याच त्यांना भेट आणि मधले किती दिवस गोळी चुकली तेही सांग. तपासण्यांचे आकडे आले की मला कळव.

काकूंना माझा नमस्कार.

तुझा,
अनंत