तिला ‘हिंदीत कर’ म्हणू नकोस

जमशेदपूर,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बोलत होतीस तेव्हा तुझी मैत्रीण आपल्याच घरी, माझ्या समोरच्या खुर्चीत बसली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. तू म्हणालीस, “अगं, हिंदीतच कर ना. संतालीत कोण बघणार आहे?” ती हसली, तुझ्या कामाची चौकशी केली, चहा संपवला आणि निघाली. जाताना तिच्या संताली सिनेमाच्या पटकथेची फाईल टेबलावर तशीच राहिली. विसरली की मुद्दाम ठेवली, ते मी विचारलं नाही. तेव्हाच मध्ये बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

तू तिचं वाईट व्हावं म्हणून बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. मुंबईत रात्ररात्र एडिटिंगच्या खोलीत बसून तू पैशाचं गणित शिकली आहेस, आणि बँकेतल्या नोकरीवर कर्ज काढून सिनेमा करायला निघालेल्या मैत्रिणीची तुला काळजी वाटणारच. पण “कोण बघणार” या तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तू दहावीत होतीस त्या हिवाळ्यात मी तिच्या बाबांबरोबर त्यांच्या गावी गेलो होतो, रायरंगपूरच्या पुढे, ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यात. भाताची कापणी उरकली होती. शाळेच्या मैदानात बांबूंवर पांढरं कापड ताणलं होतं, बाजूला जनरेटर धडधडत होता आणि भोवती ताडपत्रीचं कुंपण होतं. तिकीट कुंपणाच्या तोंडाशीच मिळायचं. आसपासच्या गावांतून माणसं चालत आली होती, पोरंसोरं पाठीला बांधून. कथा साधी होती, कॅमेरा थरथरत होता, मारामारी तर थेट हिंदी सिनेमातून उचललेली. पण एका प्रसंगात पडद्यावरची म्हातारी दारात आलेल्या पोराला म्हणाली, “दाका जोम मे.” भात खाऊन घे. माझ्यापुढे पेंढ्यावर बसलेल्या एका आजीबाईंनी तिला मोठ्याने उत्तर दिलं. काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण सगळं मैदान हसलं. तिच्या बाबांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “ती म्हणतेय, आधी त्याला पाणी तरी दे!”

तू विचारतेस ते प्रेक्षक म्हणजे हे. थंडीत तीन तास बसून पडद्याशी बोलणारी माणसं. २०११च्या जनगणनेत संताली बोलणारे भारतात ७३ लाखांच्या वर होते. तुझ्या आईच्या कोकणीपेक्षा तिपटीहून जास्त. भाषा लहान नाही गं. पण ती चार-पाच राज्यांत वाटली गेली आहे: झारखंड, बंगाल, ओडिशा, बिहार, आसाम, शिवाय सीमेपलीकडे बांगलादेश आणि नेपाळ. आणि यांतल्या एकाही राज्याचं सरकार संतालीला ‘आपली पहिली भाषा’ म्हणत नाही. झारखंडातही ती दुय्यम राजभाषांपैकी एक आहे. आपल्या मराठीमागे १९६० पासून अख्खं राज्य उभं आहे. १९७५ ला सरकारने मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली, पुढे अनुदानं आली, आणि आठ कोटींची ही भाषा आजही चांगल्या वेळेच्या खेळासाठी मल्टिप्लेक्सशी भांडते. मग विचार कर, ज्या भाषेच्या बाजूने भांडायला एकही सरकार नाही, तिच्या सिनेमाला कोणता खेळ मिळत असेल?

तेही तिच्या बाबांनीच सांगितलं होतं. त्यांच्या ओळखीच्या एका निर्मात्याला शहरातल्या एका थिएटरने कसाबसा एक खेळ दिला. सकाळी अकराचा, आठवड्याच्या मधल्या दिवशी. त्या वेळी त्याचा प्रेक्षक कुठे असतो? पाळीवर, बांधकामावर नाहीतर शेतात. तीन दिवसांनी थिएटरवाला म्हणाला, “माणसंच येत नाहीत,” आणि सिनेमा उतरवला. या असल्या रिकाम्या खुर्च्या मोजून ‘प्रेक्षक नाही’ असं ठरतं, आणि ते फिरत फिरत अंधेरीत तुझ्यापर्यंत येऊन पोचतं.

आपला पहिला मराठी बोलपट १९३२चा. संतालीतला पहिला कथापट मानतात तो ‘चांदो लिखोन’, २००१चा. मधे जवळजवळ सत्तर वर्षं गेली. त्या सत्तर वर्षांत पडद्यावर संताल आदिवासी नव्हते असं नाही. होते, पण दुसऱ्यांच्या सिनेमात, दुसऱ्यांच्या तोंडून बोलणारे. सत्यजित राय यांना मी किती मानतो हे तुला सांगायला नको. पण त्यांच्या १९७०च्या ‘अरण्येर दिनरात्रि’मध्येही संताल मुलगी झाली आहे सिमी गरेवाल, अंगाला काळा रंग लावून. इतक्या मोठ्या, इतक्या जाणत्या माणसालाही तेव्हा तसं करावंसं वाटलं. झारखंड राज्य १५ नोव्हेंबर २०००ला झालं आणि पुढच्याच वर्षी तो पहिला सिनेमा आला. २००३च्या ९२व्या घटनादुरुस्तीने संतालीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे देशाच्या मान्य भाषांच्या यादीत, जागा मिळाली. त्या दिवसांत कारखान्यात, आमच्या खात्यात, तिचे बाबा वेगळ्याच चालीने चालायचे, मला अजून आठवतं.

मग व्हीसीडीचा काळ आला. तुला आठवत असेल, करनडीहच्या बाजूला गेलो की प्रत्येक टपरीवर रंगीत वेष्टनं टांगलेली असायची. गाणी, नाच, दोन तासांचे सिनेमे. त्यातून निदान पुढच्या सिनेमापुरते पैसे निघायचे. पुढे मोबाइलची दुकानं आली, आणि दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डात सगळं भरून मिळायला लागलं. निर्मात्याच्या हातात शून्य. आता यूट्यूब आहे. तिथे गाणी खूप बघितली जातात, म्हणून पैसे घालणारा म्हणतो, गाणी वाढव. सिनेमा गाण्यांच्या मध्ये कुठेतरी श्वास घेतो. हिंदीची नक्कल का करतात, असं तू मागे विचारलं होतंस. त्याचं अर्धं उत्तर यात आहे. उरलेलं अर्धं असं की ज्याने लहानपणापासून पडद्यावर फक्त हिंदी आणि बंगाली पाहिलंय, त्याला ‘सिनेमा’ म्हटलं की तेच डोळ्यांसमोर येतं. यासाठी त्यांना नावं ठेवू नयेत. आपलेही पहिले सिनेमे नाटकासारखेच होते.

सरकारी वाटही तिने मला समजावली. सेन्सॉर बोर्डाची देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं आहेत, झारखंडात एकही नाही. जवळची म्हणजे कोलकाता आणि कटक. राज्याचं २०१५चं चित्रपट धोरण आहे, पण अनुदान मागायचं तर आधी खर्च केलेला दाखवावा लागतो. आधी खर्च करायला पैसे असते तर अनुदान मागितलंच कशाला असतं? कॅमेरा आणि दिवे कोलकात्याहून भाड्याने येतात, दिवसाच्या हिशेबाने. म्हणून महिनाभराचं काम दहा-बारा दिवसांत कोंबायचं. नट म्हणजे शेतकरी, शिक्षिका, कारखान्यातले कामगार. भातलावणीत आणि कापणीत त्यांना हात लावायचा नाही. पावसात रस्ते नसतात. उरते ती थोडीशी थंडी.

आणि लिपी! साधं पोस्टर करायचं तर कोणत्या लिपीत? पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली याच मयूरभंजात ओल चिकी तयार केली, आपल्या भाषेच्या आवाजांसाठी आपली अक्षरं हवीत म्हणून. पण शाळा ज्या राज्यात, त्या राज्याची लिपी हाताला बसली. बंगालमधला बंगालीत वाचतो, ओडिशातला ओडियात, इथला देवनागरीत, आणि मिशनच्या शाळांत शिकलेली पिढी रोमनमध्ये. तिची पटकथासुद्धा देवनागरीत आहे. श्रेयनामावली मात्र ओल चिकीतच हवी, असं तिने पहिल्या पानावर लिहून अधोरेखित केलंय. तुझ्या आईला हे लगेच कळलं. देवनागरी, रोमी, कन्नड हे सगळं कोकणीत पाहतच ती वाढली आहे.

आता तुझ्या कामाचं, म्हणजे तिने तुला मागितलेल्या एडिटिंगचं सांगतो. तू म्हणशील, बाबा मला एडिटिंग शिकवायला निघाले. तसं नाही. मी फक्त जे ऐकत आलोय ते सांगतोय.

संतालीत पाण्याला ‘दाक्’ म्हणतात, पण शेवटचा आवाज बाहेर सोडत नाहीत, घशातच अडवतात. ‘दाका’ म्हणजे भात, त्यातला ‘का’ पूर्ण उच्चारतात. अशी अडवलेली अखेर असलेले शब्द त्या भाषेत पावलोपावली आहेत. तुझ्या पडद्यावर आवाजाची ती रेघ अचानक तुटलेली दिसेल आणि तुला वाटेल, रेकॉर्डिंग करणाऱ्याने शब्द कापला. त्याने कापलेला नसेल. शब्द तिथेच संपतो. हिंदी नट आणून हे डब करता येणार नाही. तिच्या पटकथेतल्या आजीचे संवाद हिंदीत केले तर या अडवलेल्या आवाजांचं काय करशील?

दुसरं म्हणजे फाईलमधला सतरावा प्रसंग. मी तो चार वेळा वाचला. बऱ्याच वर्षांनी लेक माहेरी येते. आजी तिच्यापुढे पाण्याचा लोटा आणून जमिनीवर ठेवते. लेक वाकून जोहार करते. संवाद नाही. खाली तिने लिहिलंय, ‘लोटा राहू दे.’ बस, एवढंच. संतालांच्या घरी पाहुणा आला की आधी हा लोटा पुढे येतो. तो आला म्हणजे तुम्ही या घरचे झालात. त्या रात्री मैदानातल्या आजीबाई पडद्यावरच्या म्हातारीला याचीच आठवण करून देत होत्या. तुझ्या नेहमीच्या सवयीने तू हा शॉट दोन सेकंदांत कापशील आणि लेकीच्या चेहऱ्यावर जाशील. मुंबईत तेच बरोबर ठरेल. पण ज्यांच्यासाठी हा सिनेमा आहे ते लोट्याकडे बघत असतील, लेकीकडे नाही. म्हणून म्हणतो, हिंदीत केला तर नुसते शब्द बदलणार नाहीत. प्रेक्षक बदलेल, आणि प्रेक्षक बदलला की तो लोटा कापला जाईल.

इथे येऊन मला जवळजवळ चाळीस वर्षं झाली. तिच्या बाबांबरोबर एका भट्टीवर तीस वर्षं काढली, एका डब्यातून जेवलो. ते माझ्याशी मराठी बोलायचे, “काय पाटील, कसं काय” एवढं तरी. मी त्यांची भाषा शिकलो नाही. त्यांना हिंदी येत होतं, म्हणून गरज पडली नाही. ते गेल्यावर घरी भेटायला गेलो, तर सगळ्या बायका रडताना काहीतरी म्हणत होत्या आणि माझ्या मित्राबद्दल काय म्हणतायत ते मला कळत नव्हतं. तेव्हापासून ही गोष्ट मला टोचते. दिकू, म्हणजे बाहेरचा, हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नाही. त्या दिवशी तो मीच स्वतःला लावला.

त्यांनी मला एकदा जादूपटुआंबद्दल सांगितलं होतं. चित्रांची गुंडाळी घेऊन गावोगाव फिरणारे, एकेक चित्र उलगडत गाणं म्हणणारे. घरात कुणी गेलं की हा चितारी त्या माणसाचं चित्र घेऊन यायचा, डोळ्यांत बुबुळं न काढलेलं. घरच्यांनी काही दिलं की मग तो बुबुळं काढायचा, आणि गेलेल्या माणसाला वाट दिसायची. तिच्या पटकथेत हे कुठेही नाही. मला मात्र फाईल वाचताना ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

तिने तुझ्याकडे पैसे मागितलेले नाहीत, तुझे तीन आठवडे मागितलेत. तुझ्यासाठी तीन आठवडे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. नाही जमलं तर तसं सांग, ती समजून घेईल. पण ‘हिंदीत कर’ हे तुझं वाक्य तिच्याकडे तसंच राहू देऊ नकोस. आज-उद्या फोन कर. आणि यायचं ठरलंच तर आधी चार दिवस नुसती तिच्या आजीपाशी जाऊन बस, कॉम्प्युटर न उघडता.

शूटिंग पौषात आहे, कापणी आटोपल्यावर. गीतांजलीचं तिकीट काढलंस तर कळव, टाटानगरला घ्यायला येईन. फाईल मी अजून परत केलेली नाही. सतराव्या प्रसंगाच्या पानाचा फोटो काढून तुला पाठवतोय, तिला विचारूनच.

आईने चकल्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत.

तुझे,
बाबा