सेव्ह सांभाळणाऱ्या अण्णांना

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, टेबलावर ठेवलं की दुसरा कुठलाही दुरुस्तीवाला आधी पंखा फिरवून बघतो. तुम्ही आधी विचारता, "खेळ खंयचो चालू आसा? त्याची सेव्ह खंय पडता?" सेव्ह म्हणजे खेळात कुठवर आलो याची मशीनमधली नोंद. पंखा, पेस्ट, डिस्क हे सगळं त्यानंतर. "मशीन काय, खंयय गावता. सेव्ह गावणा नाय," हे तुमचं वाक्य मालवणात एकट्याने खेळायचे खेळ खेळणाऱ्या आम्हा सगळ्यांना आता पाठ आहे. म्हणून हे जाहीर आभाराचं पत्र. त्यात थोडा स्वार्थही आहे, तुम्ही तोंडी सांगितलेलं कुठेतरी लिहून राहील.

ऑनलाइन खेळात वीज गेली तर एक मॅच जाते. एकट्याच्या खेळात साठ-सत्तर तासांचं राज्य जातं. शिवाय आपल्याकडे मृगापासून वीज कधी डोळे मिचकावेल याचा नेम नाही. त्यामुळे खेळ कसा दिसतो, त्याची गोष्ट कशी आहे याच्याही आधी तो सेव्ह कसा करतो हे बघायची तुम्ही लावलेली सवय इथे नुसती सोय राहत नाही. तीच खेळाची खरी ओळख होऊन बसते.

स्टारड्यू व्हॅलीचंच बघा. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला, 2016 साली आलेला, अर्ध्या जीबीत मावणारा खेळ. त्यातला एक दिवस आपल्या घड्याळाने सुमारे 14 मिनिटांचा, आणि सेव्ह होते ती फक्त रात्री अंथरुणात शिरल्यावर. म्हणजे वीज भलत्या वेळी गेली तरी बुडतो तो त्या दिवसाचा घाम, शेत नाही. खरा धोका दिवस संपताना सेव्ह चालू असते त्या काही क्षणांचा. तेव्हा झटका बसला तर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि सकाळी शेत उघडतच नाही. यावर तुम्ही दाखवलेला इलाज असा: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायची, दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ लिहायचं, स्टारड्यू व्हॅलीच्या फोल्डरमधलं ‘सेव्ह्ज’ उघडायचं. खेळाडूच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक मोठी फाइल असते, तिचं नाव फोल्डरसारखंच, आणि दुसरी ‘सेव्हगेमइन्फो’. दोघींच्या शेजारी ‘ओल्ड’ शेपटी लावलेल्या त्यांच्या जुन्या प्रती बसलेल्या असतात. बिघडलेल्या दोन फाइली उचलून दुसरीकडे ठेवायच्या (पुसायच्या नाहीत, हे तुम्ही दर वेळी बजावता), आणि जुन्या दोघींची शेपटी तेवढी काढायची. शेत एक दिवस मागे जाऊन सुरू होतं. दोनपैकी एकीचीच शेपटी काढली की गोंधळ होतो. या चुकीचा कपाळमोक्ष तुमच्याकडे वारंवार येतो म्हणे.

एल्डन रिंगचा स्वभाव याच्या अगदी उलट. 2022 चा हा खेळ सतत, न विचारता, स्वतःच लिहीत राहतो. मेनू उघडला तरी शत्रू थांबत नाही, आणि हातातला डाव अमुक ठिकाणी ठेवावा असं खेळणाऱ्याला ठरवताच येत नाही. खेळ म्हणून याच निर्दयपणात त्याची मजा आहे: केलं ते केलं. वीज मात्र त्या मजेत सामील नाही. अ‍ॅपडेटातच ‘एल्डनरिंग’ फोल्डरमध्ये ‘ईआर0000’ नावाची एकच फाइल सगळी पात्रं पोटात घेऊन असते, शेजारी तिची ‘बॅक’ शेपटीची प्रत. मुख्य फाइल बाजूला सारून प्रतीची शेपटी काढली की काम होतं. पण त्याआधी स्टीममध्ये (खेळ विकत घेऊन उतरवायचं ऑनलाइन दुकान) त्या खेळाचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवर सेव्हची प्रत ठेवणं, बंद करायला हवं, नाहीतर बिघडलेली फाइलच वरून पुन्हा खाली उतरते. हा बारकावा तुमच्याकडूनच कळला.

द विचर 3 (2015) या बाबतीत उदार. लढाई चालू नसेल तर हवं तेव्हा सेव्ह करता येते, हव्या तितक्या प्रती ठेवता येतात, आणि त्या डॉक्युमेंट्समधल्या ‘गेमसेव्ह्ज’मध्ये ओळीने पडून राहतात. एक बिघडली तर मागची उचलायची. हॉलो नाइटमध्ये (2017) बाकड्यावर बसलं की पक्कं. वीज गेली तर पुढचा डाव शेवटच्या बाकड्यावरूनच उघडतो, म्हणून आभाळ भरलं की नवीन वाट धुंडाळू नये, हा तुमचा सल्ला अगदी मच्छीमारी आहे. मेल्यावर पैसे आपल्या सावलीकडे राहतात आणि तिच्याकडे पोहोचण्याआधी पुन्हा मेलं तर कायमचे जातात, हा खेळाचा नियम. त्यात विजेची भर कशाला!

आउटर वाइल्ड्सला (2019) विजेचं भयच नाही. त्यातलं जग दर 22 मिनिटांनी स्वतःच संपतं आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते. मिळवायचं असतं ते फक्त ज्ञान, आणि ते जहाजाच्या नोंदवहीत जमतं. जाऊन जाऊन जाईल किती, तर एक फेरी. खळ्यात खुर्ची टाकून चांदणं बघणाऱ्याला हा खेळ आवडणारच. आणि रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (2018) तर तुम्ही बंदरावरच्या माणसांना मुद्दाम देता. ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज 1807 साली माणसांविना परत येतं, आणि 60 जणांचं काय झालं हे विम्याच्या तपासनिसाने चोपड्यात भरायचं. नाव, मरण, मारणारा. एकेक उत्तर बरोबर की चूक हे तो खेळ सांगत नाही. तीन बरोबर जमली की मगच शिक्का मारतो, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. तुम्ही त्याला सगळ्यांत वर ठेवता. आमच्यातले निम्मे सेलेस्टला ठेवतात. त्यातल्या असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग 50 टक्क्यांपर्यंत उतरवता येतो आणि खेळ त्यावरून टोमणा मारत नाही, हे त्याचं मोठेपण. पुण्यात तयार झालेली राजी (2020) मात्र लढाईसाठी नाही, गोष्ट सांगणाऱ्या छायाबाहुल्यांसाठी बघावी. पिंगुळीच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला त्या परक्या वाटत नाहीत.

विजेबद्दल थोडं. वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ तगवणारा यूपीएस 600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) असला म्हणजे 600 वॅट नव्हे, साधारण 360. ग्राफिक्स कार्डवालं मशीन खेळताना त्याहून जास्त ओढतं आणि यूपीएस बोंब मारून बंद पडतो. म्हणून आधी वॅट मोजायचे, मग यूपीएस घ्यायचा, आणि तो खेळण्यासाठी नाही, सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे हे लक्षात ठेवायचं. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन रीस्टार्ट होत असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का ते बघायचं. साध्या मोडमध्ये बदलाबदलीला वेळ लागतो आणि मशीन तेवढ्यात मान टाकतं. जांभ्यात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं, म्हणून मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं. मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थ 2-3 व्होल्टच्या आत हवं. गडगडायला लागलं की नुसता प्लग नाही, इंटरनेटची वायरही काढायची. वीज तिथूनही आत येते.

आणि खारा वारा! कंट्रोलरची डावी स्टिक आपोआप चालायला लागली की सगळे बटणांना दोष देतात. तुम्ही भिंग हातात दिलंत. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचे पाच स्क्रू, त्यातले चार दोन्ही मुठींच्या आत आणि पाचवा सेलच्या खणातल्या लेबलाखाली लपलेला, टी8 टॉर्क्सचे, मधे भोक असलेल्या टोकाने निघणारे. झाकण उघडल्यावर स्टिकच्या बाजूला दोन छोट्या हिरव्या डब्या. त्यांच्यात कर्बाचा काळा पट्टा, त्यावर घासत फिरणारी पितळी जीभ. पट्टा झिजला किंवा त्यावर घाण बसली की जीभ खोटं बोलते. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल डबीच्या फटीत दोन थेंब, स्टिक गोल गोल फिरवायची, दहा मिनिटं वाळवायची. 70 टक्क्यांचं नको, उरलेलं पाणीच असतं. गंजाचा तेलकट स्प्रे तर नकोच, त्यावर धूळ चिकटते. एवढ्याने नाही भागलं तर खेळातला डेडझोन, म्हणजे स्टिकची जेवढी हालचाल खेळाने मोजायची नाही तेवढी जागा, थोडा वाढवायचा. पट्टाच झिजला असेल तर स्टिक बदलायची. तिचे सोल्डरचे 14 डाग सुटे करायचे म्हणजे तुमचंच काम, आमचं नाही. बदलताना चुंबकाची, हॉल इफेक्टची स्टिक घातली तर घासण्याचा प्रश्नच मिटतो. रॅमच्या पट्टीला खोडरबर हे जुनं औषध आहे, पण रबराचे कण ब्रशने झाडल्याशिवाय पट्टी परत बसवायची नाही, हे कुणी सांगत नव्हतं.

मोठे खेळ आणायची तुमची युक्ती तर गणपतीतली. रेड डेड रिडेम्प्शन 2 ला 150 जीबी जागा लागते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर तो उतरवायचा म्हणजे शंभरेक दिवस जातात. चाकरमानी मुंबईहून येतात, त्यांच्या मशीनच्या ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’मधून खेळाचं फोल्डर डिस्कवर येतं. डिस्क एक्सफॅटची हवी. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही आणि कॉपी मधेच थांबते. घरी ते फोल्डर त्याच जागी टाकून मग ‘इन्स्टॉल’ दाबायचं. स्टीम असलेल्या फाइली ओळखतं आणि उणं असेल तेवढंच उतरवतं. खेळ आपल्या खात्यावर विकत घेतलेला हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी तुम्ही सांगता. नेट असताना एकदा सुरू करून बघायचा, मग ऑफलाइन जायचं.

परत नेट आल्यावर क्लाउडची आणि मशीनमधली सेव्ह जुळत नाही, स्टीम विचारतं कुठली ठेवू. तिथे तारीख आणि वेळ वाचायची, आणि काहीही दाबण्याआधी मशीनमधलं सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचं. घाईत दाबलेल्या एका बटणाने गेलेल्या सेव्ह तुम्हीही परत आणू शकला नाहीत. गणपतीच्या त्या दिवसांत तुम्ही पैसेही घेत नाही, हे लिहू नका म्हणाला होतात. लिहिलं.

यूपीएसच्या बॅटऱ्या तीन वर्षांच्या होत आल्या आहेत. मृगाच्या आधी तपासायला घेऊन येतो, काउंटर मोकळा ठेवा.

तुमचे,
बाजारपेठेतले खेळाडू, मालवण