माउसचं चाक आणि हेक्टरचा आकडा

महोदय,

पीक विम्याच्या दिवसांत परभणी, लातूर, बीडकडच्या सेवा केंद्रांवर गर्दी उसळते आणि घाईत एक चूक सहज होते. क्षेत्राचा आकडा टाइप केल्यावर कर्सर त्याच चौकटीत राहतो. पान खाली सरकवायला माउसचं चाक फिरवलं, की काही संकेतस्थळांवर पान हलतच नाही, आकडा बदलतो. 2 हेक्टरचे 1 होतात आणि सोयाबीनवाल्याला पत्ताही लागत नाही! टॅबची कळ दाबून पुढे जाणं पुरेसं नाही, कारण पुढची चौकटही आकड्याचीच असू शकते. पानावरच्या रिकाम्या जागी एकदा क्लिक करावं, मगच चाकाला हात लावावा.

डबल क्लिक फक्त फाइल-फोल्डर उघडायला. ‘सादर करा’वर एकच, नाहीतर अर्ज दोनदा जाऊ शकतो. चुकून ब्राउझरमधला टॅब, म्हणजे उघडलेलं पान, बंद झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबावं. पान परत येतं, भरलेली माहिती येईलच असं नाही.

केंद्रचालकांच्या प्रशिक्षणात हे हाताने करून घ्यावं, आणि अर्ज पाठवण्याआधी क्षेत्राचा आकडा शेतकऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा, ही कळकळीची विनंती.

– काही संगणक प्रशिक्षक, परभणी