२२ मेची दुपार

लाइपझिग, ४ मे

ती. आई-बाबांना सा. न., दादा-वहिनीला नमस्कार आणि चिऊला गोड पापा.

चिऊ, तुझा फोनवरचा हट्ट ध्यानात आहे. ती विज्ञानाची पेटी मी दुकानात जाऊन पाहिली. साठ युरो. आत चार प्लास्टिकच्या नळ्या, रंगाच्या पुड्या, एक चुंबक आणि जर्मनमध्ये पुस्तिका. हातात घेतली आणि परत फळीवर ठेवली. रुसू नकोस, आधी पत्र पुरतं वाच.

आमच्या शाळेत प्रयोगाचं एक कपाट होतं, हिरवं, काचेचं. त्याला कायम कुलूप. उघडा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "फुटलं त तुहा बाप भरून देईन काय?" लिटमस, म्हणजे आम्ल की अल्कली हे रंग बदलून सांगणारा कागद, मी दहावीपर्यंत फक्त पेपरात लिहिला. इकडे आई रोज मोरीवर हळदीच्या डागावर साबण घासायची आणि तो डाग लालभडक व्हायचा, नुसत्या पाण्यानं धुतला की परत पिवळा. लिटमस करतो ते काम हळदही करते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं! तेव्हापासून बंद पेट्यांवर माझा थोडा राग आहे. दुकानातल्याही.

तर पेटीऐवजी तुला एक काम देते. दोघींनी मिळून करायचं, तू तिथं आणि मी इथं.

"सूर्य डोक्यावर आला" असं आजी रोज दुपारी म्हणते ना? खरं तर आपल्या गावात तो बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो. एकदा २२ मेच्या सुमारास आणि पुन्हा २१ जुलैच्या सुमारास. जुलैत आभाळ असतं, त्यामुळे मेचीच संधी खरी, तीही नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या तीन दिवस आधी. त्या दुपारी उभ्या काठीला सावलीच राहत नाही. लाइपझिगला हे कधीच होत नाही. साडेतेवीस अक्षांशाच्या पलीकडे सूर्य डोक्यावर येतच नाही आणि मी बसले आहे एक्कावन्नवर.

करायचं ते असं. आजोबांकडून वेळूची सरळ काठी घे. पऱ्हाटी नको, ती वाकडी असते. अंगणात रोवून जमिनीवर बरोबर एक मीटर उरेल अशी कापून घे. शेजारी ओळंबा धर, म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट. काठी दोऱ्याशी समांतर हवी. हे मी उगाच सांगत नाही. २६ एप्रिलला मी इथं गच्चीवर तालीम केली तर सावली ८१ सेंटिमीटर भरली. हिशेबाने ७७ यायला हवी होती. अर्धा तास आकड्यांशी भांडले. मग दोऱ्याला घराच्या किल्ल्या बांधून पाहिलं, काठीच कललेली होती.

साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण कर. टोक पुसट दिसेल, त्याला इलाज नाही. सूर्य म्हणजे काही टिंब नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून मीटरभर काठीच्या टोकाची सावली सेंटिमीटरभर विरघळलेली असते. पुसट पट्ट्याच्या मधोमध खूण करायची. सावली सगळ्यात आखूड होईल ती वेळ लिहून ठेव. बाराला नाही होणार ती. आपली घड्याळं अलाहाबादजवळच्या रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे साधारण बारा वाजून चौदा मिनिटं होतील. इथं त्या दिवशी एक वाजून सात. दोघींनी एकाच क्षणी मोजायची गरज नाही, आपापली मध्यान्ह पकडायची.

बाबा, तुमच्याकडे एक मागणं. त्या दुपारी चिऊला वावरातल्या विहिरीवर न्याल? हात धरून, आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधून. एरवी विहिरीत अर्ध्या पाण्यावर बांधकामाची सावली असते. त्या दहा-पंधरा मिनिटांत सगळं पाणी काठापर्यंत उजळायला हवं. फार वाकू नका, आपलंच डोकं उन्हाच्या आड येतं, आणि पाण्यातल्या सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. आत्ता अस्वान म्हणतात त्या इजिप्तमधल्या गावी अशीच एक विहीर होती म्हणतात. तिची गोष्ट ऐकून एराटोस्थेनिस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालाने ती उजळायची त्याच दिवशी स्वतःच्या गावची सावली मोजली. बावीसशे वर्षांपूर्वी. कोन निघाला वर्तुळाचा पन्नासावा भाग, दोन गावांतलं अंतर पाच हजार स्टेडिया (तेव्हाचं अंतराचं माप), म्हणजे पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नासपट. संपलं! एवढंच गणित.

आपलंही तेवढंच. तुझी सावली शून्य होईल त्याच दिवशी माझ्या मध्यान्हीला माझी ६० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. आलेखाच्या कागदावर मीटरची काठी आणि तिची सावली दहापट लहान काढ, टोकं जोड आणि वरचा कोन कोनमापकाने मोज. ३१ अंश यावा. आपल्या दोघींमधलं निव्वळ दक्षिणोत्तर अंतर साधारण ३,४४० किलोमीटर आहे. त्याला ३६० ने गुणून ३१ ने भाग. घाई करू नकोस, माझ्याकडून सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली तरी पृथ्वी पाचशे किलोमीटरने जाड-बारीक होते.

आता तू विचारशील (नाही विचारलंस तर मला वाईट वाटेल), आत्या, हे ३,४४० तुला कोणी सांगितलं? नकाशाने. आणि नकाशा काढणाऱ्याला पृथ्वीचा घेर आधीच माहीत होता! मग आपण काय शोधलं?

ह्या प्रश्नाने मला आठवडाभर छळलं. शेवटी इथल्या वाचनालयात जुन्या मोजणीवरचं एक जाड पुस्तक घेऊन बसले. कधी ना कधी कोणीतरी जमीन प्रत्यक्ष मोजलेलीच असणार ना? तशी ती मोजली विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज मोजणीदाराने. १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने, आपल्या पटवाऱ्याच्या साखळीची थोरली बहीणच म्हण, त्याने सुरुवात केली. एक रेषा साखळीने, पुढे सगळे त्रिकोण, म्हणजे कोन मोजायचे आणि अंतरं हिशेबाने काढायची. डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र चढवत माणसं उत्तरेकडे सरकत राहिली, साधारण ७८ रेखांशाच्या कडेने. नकाशात बघ, यवतमाळ बरोबर ह्याच रेखांशावर आहे. पृथ्वीवरचा एक अंश जमिनीवर नेमका किती लांब, हेच त्याला हवं होतं. वीस वर्षं तो ह्या कामात होता, नागपूरकडे निघालेला असताना २० जानेवारी १८२३ ला वारला. पुढचं काम एव्हरेस्टने केलं, शिखराला नाव आहे तोच.

आणि दादा, लॅम्बटन वारला कुठे माहितेय? हिंगणघाटला! कबर तिथंच आहे. मावशीकडे आपण किती दिवाळ्या काढल्या, कापसाचा बाजार पाहिला, वणेच्या पुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. आपणही कधी विचारलं नाही म्हणा. पावसाळा ओसरला की चिऊला घेऊन जा, एक फोटो पाठव. मला त्या माणसाचं तोंड नाही तर निदान दगड तरी पाहायचा आहे.

वहिनी, पुस्तकांचं विचारलं होतंस. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मुलांची ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतलीही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे खेळ आधी कर. ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळेल. फोनवर वाचताना डोळे दुखले तर झेरॉक्स काढून शिवून घे.

आई, गुडघ्याचं तेल पोचलं का? लोणचं अजून आहे, पुरवून खाते.

२२ तारखेला संध्याकाळी फोन करते. आकडा आधी तू सांगायचास, चिऊ, मी माझा तोवर सांगणार नाही.

तुमची,
ताई

ता. क. चिऊ, पार्सलात एक भिंग टाकलं आहे, दहापट मोठं दाखवणारं. पहिल्या पावसानंतर धुऱ्यावर मखमली लाल मृगाचे किडे निघतील. तळहातावर अलगद घे आणि पाय मोज. किडा म्हणावं की कोळ्याचा भाऊबंद, ते पायांवरून ठरव. आजोबांना ठाऊक असलं तरी त्यांनी सांगायचं नाही.